‘पहिले सीझन भारी होते’ म्हणण्याआधी: मालिका नेमकी कुठे बदलली हे शोधायची पद्धत

गेल्या दिवाळीत मावसभाऊ आणि मी फराळाचं ताट मध्ये ठेवून रात्री अडीचपर्यंत ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेवरून भांडलो. तो म्हणत होता, शेवट बरोबरच होता, तुम्हाला कळला नाही. मी म्हणत होते, शेवटच्या दोन सीझनमध्ये सगळं घाईघाईने उरकलं. अडीच वाजता लक्षात आलं की आम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतोय. तो ‘काय घडलं’ याची बाजू घेत होता आणि माझी तक्रार ‘कसं घडवलं’ याबद्दल होती. त्यानंतर आम्ही मालिका पहिल्यापासून पुन्हा पाहिली, वही घेऊन. त्यातून जी पद्धत हाती लागली ती इथे देतेय. ज्यांना आपली आवडती मालिका खरंच समजून घ्यायची आहे आणि तिच्यावर मन लावून वाद घालायचा आहे, त्यांच्यासाठी.

उदाहरणं मुख्यतः ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची आहेत आणि शेवटासकट आहेत. पाहायची राहिली असेल तर आधी पाहा, मग वाचा.

पायरी १: तक्रारीला तिचं खरं नाव द्या

‘पूर्वीसारखी मजा राहिली नाही’ या वाक्यावर वाद होऊच शकत नाही. ते खोडताही येत नाही, सिद्धही करता येत नाही. आपल्याकडे मालिका पाहणाऱ्यांनी यासाठी फार नेमके शब्द तयार केलेत, तेच वापरा. मालिका ताणली म्हणजे गोष्ट संपली होती तरी भाग येत राहिले. गुंडाळली म्हणजे गोष्ट शिल्लक होती आणि भाग संपले. पात्र बदललं म्हणजे तो माणूस असं वागणार नाही असं आपल्याला वाटतं. आणि सूर गेला, म्हणजे घटना ठीक आहेत, पण संवाद, शांतता, विनोद, भीती यांची चव वेगळी झाली.

या चार तक्रारी आहेत आणि चौघींना लागणारा पुरावा वेगळा आहे. ताणली किंवा गुंडाळली असं म्हणत असाल तर वेळ मोजावी लागते. पात्र बदललं म्हणत असाल तर त्या पात्राचे निर्णय ओळीने मांडावे लागतात. सूर गेला असं म्हणत असाल तर प्रसंगाशेजारी प्रसंग ठेवून पाहावा लागतो. वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात लिहा: माझी तक्रार यांपैकी कोणती? दोन असतील तर दोन वाक्यं, पण वेगवेगळी.

पायरी २: मालिकेची कुंडली मांडा

प्रसंगांकडे जाण्याआधी अर्धा तास कोरडी माहिती गोळा करा. कोणत्या सीझनला किती भाग, किती मिनिटांचे, दोन सीझनमध्ये किती अंतर, कोणता भाग कोणी लिहिला, मूळ साहित्यकृती असेल तर ती कुठपर्यंत पुरली.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०११ ते २०१९ चालली. आठ सीझन, एकूण ७३ भाग. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सातचा, आठवा सहाचा. नुसते भाग पाहिले तर शेवटचा सीझन पहिल्याच्या निम्म्याहून थोडा मोठा वाटतो. पण आठव्यातले चार भाग सव्वा तासाच्या वर आहेत, त्यामुळे मिनिटांत मोजल्यावर चित्र बदलतं: पहिला सीझन नऊ तासांहून मोठा, आठवा सात तासांच्या थोडा वर. म्हणजे वेळ कमी झाला हे खरं, पण ‘निम्म्यात उरकलं’ हे बरोबर नाही. माझं स्वतःचं आवडतं वाक्य मला या मोजणीनंतर खोडावं लागलं. तरीही ‘गुंडाळली’ ही माझी तक्रार उभी राहिली, कारण त्या सात तासांतला मोठा वाटा दोन प्रचंड लढायांना गेलाय. ‘द लाँग नाइट’ हा ८२ मिनिटांचा भाग जवळजवळ सगळा एकाच रात्रीची लढाई आहे, आणि ती लढाई चित्रित करायलाच ५५ रात्री लागल्या. माणसं एकमेकांशी बोलतायत, विचार बदलतायत, याला उरलेला वेळ वेगळा मोजावा लागतो.

लेखकांचा रकाना विसरू नका. मूळ कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी पहिल्या चार सीझनमध्ये प्रत्येकी एक भाग स्वतः लिहिला. पाचव्यापासून त्यांनी एकही लिहिला नाही. मालिकेचे कर्ते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस मात्र पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत तेच. तेव्हा ‘माणसंच बदलली’ हा मुद्दा इथे अर्धाच लागू पडतो.

पायरी ३: सोपं कारण आधी तपासून बाजूला ठेवा

प्रत्येक मालिकेच्या वादात एक कारण असं असतं की ते कोणीतरी पहिल्या पाच मिनिटांत टाकतं आणि सगळे मान डोलावतात. इथे ते कारण म्हणजे ‘पुस्तकं संपली आणि मालिका बिघडली’. त्यात तथ्य आहे. पाचवी कादंबरी २०११ मध्ये आली, सहावी मात्र मालिका संपेपर्यंत आली नाही आणि सहाव्या सीझनपासून मालिका बहुतांशी पुस्तकांच्या पुढे गेली.

पण हे कारण खरं असेल तर पहिल्या सीझनमधले चांगले प्रसंग पुस्तकातलेच असायला हवेत. मग तपासा. पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी एका खोलीत बसून आपल्या फसलेल्या लग्नाबद्दल बोलतात. ती विचारते, आपल्यात कधी काही जुळण्याची शक्यता होती का, एक क्षण तरी? तो नाही म्हणतो. नंतर विचारतो, हे ऐकून तुला बरं वाटलं की वाईट? ती म्हणते, काहीच वाटलं नाही. कितीतरी चाहते हा प्रसंग मालिकेतल्या सर्वोत्तम प्रसंगांत धरतात आणि तो पुस्तकात नाहीच. पहिल्या सीझनचे काही भाग वेळेला कमी भरत होते, म्हणून कमी खर्चात होतील असे, दोन माणसं एका खोलीत बोलतायत असे प्रसंग नंतर लिहून घातले गेले. हा त्यातलाच एक.

दुसऱ्या सीझनमधलं आर्या (स्टार्क घराण्याची मुलगी) आणि टायविन (शत्रू घराण्याचा प्रमुख) यांचं हॅरनहॉल किल्ल्यातलं पर्वही तसंच. पुस्तकात आर्या वेगळ्याच सरदाराची सेवा करते. या दोघांना समोरासमोर आणलं ते मालिकेने. तेव्हा त्याच लेखकांना पुस्तकाबाहेरचं उत्तम लिहिता येत होतं, हे मान्य करावं लागतं. मग प्रश्न जास्त रंगतदार होतो: ज्यांना पहिल्या-दुसऱ्या सीझनमध्ये हे जमलं, त्यांच्या हातून नंतर काय सुटलं?

तुमच्या मालिकेतही असं सोपं कारण शोधा आणि त्याला छेद देणारं एक तरी उदाहरण मुद्दाम काढा. सापडलं नाही तर कारण पक्कं. सापडलं तर खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

पायरी ४: सारख्याची सारख्याशी तुलना करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पहिल्या सीझनमधला हळवा संवाद आणि शेवटच्या सीझनमधली लढाई यांची तुलना करून काही कळत नाही. एकाच जातीचे दोन प्रसंग निवडा. आम्ही ‘दोन माणसं, एक खोली, जिवावरचं गुपित’ ही जात निवडली.

पहिला प्रसंग दुसऱ्या सीझनच्या सातव्या भागातला. आर्या वेष पालटून, शत्रूच्याच पदरी, टायविनला जेवण वाढतेय. तो ताटातलं मटण तिला खायला सांगतो. तो पाठमोरा असताना तिची नजर त्याच्या मानेवर जाते, सुरी हाताशी आहे. मग बोलता बोलता तो सहज म्हणतो, साध्या घरच्या मुली ‘मिलॉर्ड’ म्हणतात, तू ‘माय लॉर्ड’ म्हणतेस. एका अक्षराच्या उच्चारावरून ती मोठ्या घरातली आहे हे त्याने ओळखलंय. ती सावरून उत्तर देते की माझी आई एका सरदारीणबाईंकडे कामाला होती, तिनेच शिकवलं. त्याला ते पटलेलं नाही हे आपल्याला दिसतं, आणि तरी तो सोडून देतो. संपूर्ण प्रसंगात दोघांपैकी कोणीही आपल्या मनातलं बोलत नाही. आपण मात्र सगळं ऐकतो.

दुसरा प्रसंग आठव्या सीझनच्या चौथ्या भागातला. राणी डेनेरिसचे सल्लागार टिरियन आणि व्हॅरिस ड्रॅगनस्टोनच्या रिकाम्या दरबारात उभे आहेत. विषय त्याहून मोठा: आपल्या राणीशी द्रोह करायचा का. पण इथे दोघं प्रश्न सरळ मांडतात. ती राज्य करायला योग्य आहे का, गादीचा दुसरा दावेदार जॉन जास्त योग्य आहे का, तुझी निष्ठा कुणाशी. अभिनेते तेच ताकदीचे. संवाद वाईट नाहीत. फरक इतकाच की दुसऱ्या सीझनमध्ये आपण ऐकता ऐकता ओळखत होतो, इथे आपल्याला सांगितलं जातं.

असे दोन प्रसंग लागोपाठ पाहा, आणि वहीत प्रत्येकासाठी तीनच गोष्टी लिहा. पात्राला काय हवंय, ते त्याने उघड सांगितलं का, आणि प्रसंग संपल्यावर आपल्याला असं काय कळलं जे कोणी बोललं नाही. ‘सूर गेला’ म्हणजे काय, ते मला या तिसऱ्या ओळीत पहिल्यांदा नीट दिसलं.

आणि मग उलट बाजूचा प्रसंगही तितक्याच प्रामाणिकपणे शोधा. आठव्या सीझनचा दुसरा भाग, उद्याच्या लढाईआधी शेकोटीभोवती बसलेली माणसं. जेमी ब्रिएनला सरदारकीची दीक्षा देतो. उठल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, तसं ती आधीच्या सीझनांत कधी हसलीच नव्हती. हा भाग ब्रायन कॉगमन यांनी लिहिला, ते पहिल्या सीझनपासून या मालिकेच्या लेखकांत होते. हा भाग मी तीनदा पाहिलाय आणि तिन्ही वेळा डोळे भरून आले. ‘शेवटचे सीझन टाकाऊ’ म्हणणाऱ्याला याचं उत्तर द्यावंच लागेल.

पायरी ५: पात्र बदललं म्हणता? मग त्याचे निर्णय ओळीने लिहा

डेनेरिसने शरण आलेलं शहर जाळलं, तो आठव्या सीझनचा पाचवा भाग, ‘द बेल्स’. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. एक गट म्हणतो, ती अशी नव्हतीच. दुसरा म्हणतो, ती पहिल्यापासून अशीच होती, तुम्ही टाळ्या वाजवत होतात. दोन्ही गटांना एकच काम द्या: तिने दिलेल्या मोठ्या शिक्षा ओळीने लिहा आणि प्रत्येकीपुढे लिहा, समोरचा दोषी होता का, आणि तिला कोणी अडवलं का.

पहिल्या सीझनच्या शेवटी ती मिरी माझ दूर या बाईला चितेवर जाळते. मिरीने तिच्या नवऱ्याचा घात केलाय असं आपण मानतो. तिसऱ्या सीझनमध्ये आस्तापोर हे गुलामांच्या बाजाराचं शहर: चाबूक धरणाऱ्या प्रत्येकाला मारा, पण लेकराला हात लावू नका, असा तिचा हुकूम. चौथ्यात मीरीन शहरात, मालकांनी मारलेल्या १६३ गुलाम मुलांच्या बदल्यात १६३ मालकांना खिळे ठोकून टांगते. तिचे सल्लागार सर बॅरिस्टन दया दाखवायला सांगतात, ती ऐकत नाही. पाचव्यात त्याच बॅरिस्टनच्या मृत्यूनंतर ती एका उमरावाला ड्रॅगनपुढे टाकते आणि तोंडाने सांगते की तुमच्यातलं कोण निर्दोष आहे हे मला माहीत नाही. सहाव्यात डोथ्राकी टोळ्यांच्या प्रमुखांना, खालांना, मंदिरासकट जाळते. सातव्यात गुडघे न टेकणाऱ्या टार्ली बापलेकांना जाळते, टिरियन विनवत असताना. आणि मग आठवा.

ही यादी समोर ठेवली की दोन्ही गटांची भाषा मवाळ होते, हा माझा अनुभव. पाचव्या सीझनची ओळ पाहिली की ‘ती अशी नव्हतीच’ म्हणवत नाही. तिसऱ्याची ओळ, लेकराला हात लावू नका, ही पाहिली की ‘अशीच होती’ म्हणतानाही अडखळायला होतं. माझं मत सांगते: शेवट पेरलेला होता. पण टार्लींपासून ‘द बेल्स’पर्यंत जिन्याच्या ज्या पायऱ्या हव्या होत्या, त्यातल्या निम्म्या आपल्याला दाखवल्याच नाहीत. जोराहचा, मिसांडेचा मृत्यू, दुसरा ड्रॅगन गमावणं, जॉनने दूर होणं, हे सगळं तीन भागांत कोंबलंय. ते पचायला तिलाही वेळ नाही आणि आपल्यालाही नाही. इथे ‘पात्र बदललं’ ही तक्रार खरं तर ‘गुंडाळली’ या तक्रारीपाशी येऊन मिळते. वाहिनी आणखी भाग करायला तयार होती, थांबायचं कर्त्यांनी ठरवलं. म्हणून हा दोष पैशांच्या माथी मारता येत नाही.

पायरी ६: जगाचे नियम तपासा

हे पटकन होतं. पहिल्या भागात राजाचा लवाजमा विंटरफेलला पोचतो तेव्हा सर्सी कुरकुरते, महिनाभर वाटेत आहोत. सातव्या सीझनच्या सहाव्या भागात एक माणूस बर्फातून धावत भिंतीपर्यंत जातो, तिथून पक्षी निरोप घेऊन दक्षिणेला जातो, डेनेरिस ड्रॅगनवरून येते आणि वेढ्यातली माणसं तोवर तग धरून असतात. तुमच्या मालिकेतही असे न सांगितलेले नियम असतात: प्रवासाला लागणारा वेळ, जखम भरायला लागणारे दिवस, पैसा कुठून येतो, भूत कोणाला दिसतं. नियम मोडला की धोका खरा वाटेनासा होतो. पण फक्त नियम पाहा. आठव्या सीझनमध्ये टेबलावर राहून गेलेला कॉफीचा कप हा संकलनातला गाफीलपणा आहे, लेखन बिघडल्याचा पुरावा नाही. त्यावर वेळ घालवू नका.

पायरी ७: आपल्याकडच्या मालिकेला हीच पट्टी लावताना

पद्धत तीच, पण कुंडली वेगळी असते. ‘रात्रीस खेळ चाले’ घ्या. झी मराठीवर पहिला सीझन २०१६, दुसरा २०१९, तिसरा २०२१. रोजची मालिका, त्यामुळे एकेका सीझनमध्ये भागांची संख्या शेकड्यांत. दुसरा सीझन पहिल्याच्या आधीच्या काळात जातो. नाईकांच्या वाड्यात अण्णा नाईक हयात आहेत, शेवंता येते, आणि गोष्ट गूढाकडून माणसाच्या वासनेकडे वळते. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता घरोघरी पोचली ती या सीझनमध्ये. मग २०२० च्या मार्चमध्ये राज्यातली चित्रीकरणं थांबली आणि मालिकेत खंड पडला. तिसऱ्या सीझनला २०२१ च्या वसंतात सुरू होताच पुन्हा तोच खंड. त्यातच मध्येच शेवंताचं काम कृतिका तुळसकर करू लागल्या.

अशा मालिकेत ‘लेखकांनी वाट लावली’ म्हणण्याआधी हे सगळं रकान्यांत भरा. प्रेक्षक ज्या चेहऱ्यावर जीव टाकून बसलाय तो बदलला, मध्ये महिने गेले, तर उत्तम लेखनही आधीसारखं लागणार नाही. आणि इथे ‘आधीचा सीझन चांगला’ म्हणताना लोक कोणता आधीचा म्हणतायत तेही विचारा. माझ्या आईला पहिल्यातली भीती आवडते, काकूला दुसऱ्यातली शेवंता. दोघी ‘तिसऱ्यात मजा नाही’ म्हणतात, पण दोघींना उणीव भासते ती वेगवेगळ्या गोष्टींची. सिंधुदुर्गातल्या आमच्या नातेवाइकांचा मुद्दा तिसराच: मालवणी किती राहिली आणि कुणाच्या तोंडी राहिली. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते, त्यामुळे त्याच्या बोलण्याला मातीचा वास होता असं ते म्हणतात. हा सुराचा पुरावा आहे, तो ऐकूनच तपासावा लागतो.

पायरी ८: आपण कसं पाहिलं तेही लिहा

पहिले सीझन तुम्ही सलग पाहिले की दर आठवड्याला? मी पहिले चार सीझन एका सुट्टीत संपवले. आठवा मात्र सोमवारी सकाळी साडेसहाला उठून, ऑफिसला जायच्या आत पाहिला, आणि मग आठवडाभर पुढच्या भागाचे तर्क केले. सात दिवस वाट पाहून मिळालेल्या भागाकडून अपेक्षाही तेवढीच असते. सलग पाहताना फिका भाग पुढच्यात विरघळून जातो. दुसऱ्यांदा सगळे सीझन एकाच वेगाने पाहिले तेव्हा सातवा मला पहिल्या वेळेपेक्षा खाली वाटला आणि आठव्याचे पहिले दोन भाग वर. भारतात टीव्हीवर ही मालिका बरीच कापून दाखवली जायची, तेव्हा समोरच्याने कोणती आवृत्ती पाहिलीय तेही विचारून घ्या.

शेवटच्या सीझनविरुद्धच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या, आणि त्याच सीझनला एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्कारांची ३२ नामांकनं मिळून सर्वोत्कृष्ट मालिकेचा पुरस्कारही मिळाला. दोन्ही आकडे खरे. दोन्ही वादात टेबलाखाली ठेवा, कारण एकाही प्रसंगाबद्दल ते काही सांगत नाहीत.

पायरी ९: वाद घालायला बसताना

चारच्या वर माणसं नकोत. प्रत्येकाने आधी आपली तक्रार किंवा बाजू एका वाक्यात लिहून आणायची. मुद्दा मांडला की सीझन आणि भाग सांगायचा, आणि समोरच्याने ‘दाखव’ म्हटलं तर तो प्रसंग लावायचा. आठवणीवर विश्वास ठेवू नका. आमच्या घरात निम्मे वाद नुसता प्रसंग लावल्यावर मिटले, कारण ज्या संवादावर कोणी अडून बसलं होतं तो तिथे नव्हताच. तासाभराने बाजू बदला. भावाने अर्धा तास माझी बाजू मांडली आणि सातव्या सीझनमधल्या लिटलफिंगरच्या मृत्यूचा मुद्दा माझ्याहून चांगला मांडला. सहा सीझन सगळ्यांना खेळवणारा माणूस दोन बहिणींच्या इतक्या उघड सापळ्यात कसा सापडतो? मला तो सुचलाच नव्हता.

शेवटी प्रत्येकाने आपलं पहिलं वाक्य पुन्हा वाचायचं आणि हवं तर दुरुस्त करायचं. माझ्या वहीत आता आहे: ‘शेवट मान्य, वाट अपुरी, आणि संवाद सातव्यापासून सरळसोट.’ भावाच्या वहीत: ‘शेवट बरोबर, पण अजून चार भाग हवे होते.’ डेनेरिसच्या यादीतली पाचव्या सीझनची ओळ मात्र आमची अजून जुळत नाही. त्या उमरावापुढे ‘दोषी होता का’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलंय, त्याने ‘माहीत नाही’. येत्या दिवाळीत तो भाग आधी लावायचा ठरलंय.